येसूबाईची अकरा पानं

मला राग आलाय, आणि तो उतरायच्या आत हे लिहून काढतेय. माझा राग दुधासारखा आहे, गॅस बारीक केला की खाली बसतो. ह्या खेपेला मला तो खाली बसू द्यायचा नाही.

येसूबाई आमच्या टॉवरच्या मागच्या गल्लीत राहते. मूळची इथल्या बोनकोडे गावचीच, आगरी. सकाळी मार्केटात मासळीची पाटी घेऊन बसते, बाराच्या सुमाराला घरी येते, भात खाते आणि मग झाडांत शिरते ती दिवेलागणीपर्यंत. वय विचारलं तर म्हणते, "पोरीचं लगीन झालं तवा चाळीसची व्हते, आता तू लाव हिशेब." पोरीचं लग्न कधी झालं ते ती सांगत नाही.

मी सातारकडची. आमचे मालक तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण्या वाहायचे. त्या पाठीच्या जोरावर सुयश शिकला आणि त्यानं ह्या टॉवरात सातव्या मजल्यावर घर घेतलं. मालक गेले, मी सातव्या मजल्यावर आले. इथं आल्यावर पहिले पंधरा दिवस मी नुसती खिडकीतून खाली बघत होते. खाली सगळं राखाडी, पत्रे, टाक्या, वायरी. आणि आमच्या भिंतीला लागून एक हिरवी पट्टी. एवढ्या उंचावरूनही एकेक पान मोजता यायचं. एवढाली पानं मी आमच्याकडच्या केळीलाही बघितली नव्हती. शेवटी काठी घेऊन खाली उतरले आणि त्या बाईला विचारलं, "हे काय पेरलंय गं?"

ती म्हणाली, "पेरलेलं नाय, पोसलेलं हाय."

तेव्हापासून आमची ओळख. पाच वर्षं होतील.

तिच्याकडे मोठ्या पानांची झाडं आहेत, नुसती बघायची. फूल नाही, फळ नाही, वास नाही. भोकाभोकांच्या पानांचा वेल आहे, त्याला पोरं मॉन्स्टेरा म्हणतात. तांबड्या पानांची केळ आहे, तिला केळी येत नाहीत. पण तिचा जीव हत्तीकानात. नर्सरीवाले त्याला अलोकेशिया म्हणतात. अळूच्याच कुळातलं, पण अळूचा राजा म्हणा. पान सुपाएवढं, पावसाळ्यात दोन सुपांएवढं, शिरा अशा ठसठशीत की वरून बोट फिरवावंसं वाटतं. त्यात एक जात हिरव्या देठाची आणि एक काळ्या देठाची. काळ्या देठाचं तिचं खास.

ते आलं कसं तेही सांगते, म्हणजे मला राग का आला ते कळेल. शहरापायी ह्या लोकांची भाताची शेतं गेली, तेव्हा तिच्या नवऱ्याला, बाळारामला, एका औषधाच्या कंपनीत माळ्याची नोकरी लागली. वर्षाला शंभर मण भात पिकवणारा माणूस साहेबाच्या खिडकीखाली पानं पुसायला लागला. लाज वाटायची म्हणे त्याला. घरी सांगायचाच नाही काय काम करतो ते. पण पानं पुसता पुसता त्याचा जीव बसला त्यांच्यावर. पुढे कंपनी बंद पडली. बाकीच्यांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या, एकानं तर दरवाजा नेला. बाळारामनं तीन गड्डे पिशवीत घालून आणले.

"मना वाटलं सुरन आनलाय," येसूबाई सांगते. "चुलीवर ठेवायला निंगालेले. असा वरडला, असा वरडला, लग्नापासून पयल्यांदा माज्यावर वरडला त्यो!"

बाळाराम जाऊन आता बारा वर्षं झाली. तीन गड्ड्यांचं तिनं एवढं रान केलं. मासळी धुतलेलं पाणी पिंपात साठवते, गूळ टाकून झाकते, महिन्यानं त्यातलं तांब्याभर पाणी बादलीभर पाण्यात मिसळून मुळाशी घालते. वारा सुटला की पान फाटतं, म्हणून कोळ्यांची जुनी जाळी बांधते. दर शुक्रवारी जुन्या लुगड्याचं फडकं ओलं करून एकेक पान वरून आणि खालून पुसते, हाताखाली हात धरून, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. आसपासच्या गावांतून हळदीला, साखरपुड्याला तिच्या कुंड्या मागून नेतात. मांडवाच्या दोन बाजूंना दोन हत्तीकान ठेवले की नवरदेव बारीक दिसतो.

आणि आमचे टॉवरवाले? ते खिडकीतून फोटो काढतात. घर विकायला काढलं की जाहिरातीत लिहितात, "मागे हिरवळ." ती हिरवळ कोण घालतं, ते नाही लिहीत. गेल्या वर्षी पिंपाचा वास येतो म्हणून तक्रार केली, तर बिचारीनं पिंप घराच्या पलीकडच्या बाजूला नेलं. तेव्हापासून रोज बादल्या घेऊन दुप्पट चालते. पण ते जाऊ दे. ते मी गिळलं होतं.

श्रावणात टॉवरच्या बायकांचं जेवण असतं. सात घरं मिळून सात पदार्थ करतात. आमच्या घराकडे अळूवडी आली. आमची सून अस्मिता नोकरी करून सगळं करते, स्वभावानं वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. आदल्या दिवशी ऑफिसातून येताना ती नेरूळच्या बाजारात गेली, तर अळू संपलेलं. श्रावणात संपणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ही खालून आली, मोठी कापडी पिशवी घेऊन.

"मिळालं बाई," म्हणाली. "एकदम फ्रेश."

मी देवपूजेत होते. पाठमोरी होते. वळून पिशवीत बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. साठ वर्षं अळू चिरलं मी, मला काय कळलं नसतं?

दुपारी क्लबहाऊसमध्ये पंगत बसली. वड्या तळल्या होत्या नंदिनीबाईंनी, पाचव्या मजल्यावरच्या, त्यांचा हात तळणीला चांगला. दिसायला खुसखुशीत, वर तीळ. मी दोन खाल्ल्या. पहिली खाताना जिभेला टोचल्यासारखं झालं. वाटलं, चिंच कमी पडली असेल. दुसरी अर्धी गेली आणि घशात कुणीतरी काथ्या फिरवतंय असं वाटलं. समोर बघितलं तर नंदिनीबाईंचे ओठ शेवग्याच्या शेंगेसारखे. कुणी पाणी पितंय, कुणी ताक, कुणी नुसतंच खाकरतंय.

अस्मिता म्हणत होती, "चिंच तर दुप्पट घातली होती मी!"

मी घरी जाऊन कचऱ्याचा डबा उघडला. आत देठ होते. माझ्या मनगटाएवढे. काळे. बाजारातल्या वडीच्या अळूचा देठ काळाच असतो, ते बरोबर. पण करंगळीएवढा असतो. मी डबा तसाच झाकला.

संध्याकाळी खाली कट्ट्यावर येसूबाई बसली होती. रोज आम्ही तिथं बसतो. रडत नव्हती. रागानं तिचं तोंड काळंनिळं झालं होतं.

"अकरा पानं नेली गो आक्का. काल्या देठाची सगली. जनावर असतं तं फारलं असतं. सुरीनं कापलंय. मानसाचं काम हाय."

मी "अगं बाई" म्हणाले. एवढंच म्हणाले. ह्याचाही राग आहे मला, आणि तो माझ्यावरचा आहे.

अकरा पानं म्हणजे काय, ते तिनं मला पूर्वीच सांगितलं होतं. झाडाला एका वेळी पाच-सहाच पानं असतात. नवं पान सुरळी होऊन येतं, ते उलगडायला आणि पुरतं वाढायला महिना जातो. अकरा पानं म्हणजे दोन झाडं बोडकी.

आता पुढचं ऐका. वड्या कुठल्या पानांच्या होत्या ते सातही घरांना एव्हाना कळलं होतं, पण चोरीबिरीबद्दल टॉवरात चकार शब्द नाही. चार दिवसांनी येसूबाईच्या दाराला आमच्या सोसायटीचं पत्र. तिच्या नातीनं, दिशानं वाचून दाखवलं. "आपण लावलेल्या विषारी वनस्पतींमुळे सोसायटीतील सात कुटुंबांना घशाचा व तोंडाचा त्रास झाला असून, सदर वनस्पती आठ दिवसांत काढून टाकाव्यात, अन्यथा सोसायटी त्या काढून टाकील." खाली सात सह्या. ती पट्टी म्हणे आमच्या नकाशात येते. भिंतीच्या बाहेर, तिच्या ओट्यासमोर, आणि नकाशात मात्र आमची!

मी घरी येऊन अस्मिताला विचारलं, "तू सही केलीस?"

"सगळ्यांनीच केली, आई."

"सगळ्यांनी कापली नव्हती."

"मी नसती केली तर कापणारी मीच, ते बाहेरही कळलं असतं ना! प्लीज, तुम्ही मध्ये पडू नका."

सुयश टीव्हीचा आवाज वाढवून बसला. आमच्या घरात हीच पद्धत आहे.

रविवारी अकराला मीटिंग होती. येसूबाईला "बाजू मांडायला" बोलावलं होतं. मी तिला घ्यायला गेटवर गेले. वॉचमननं तिच्यापुढे वही धरली. नाव, कुठून आलात, काय काम.

येसूबाई म्हणाली, "बाला, तुजी खुर्ची हाय ना, तितं आमी पेंढा रचायचो. ही सगली माज्या सासऱ्याची खाचरं. लिही, सासऱ्याच्या शेतान आलेय म्हून."

वॉचमननं लिहिलं, "पर्सनल."

वर सेक्रेटरी जयप्रकाश साहेब बसले होते. बँकेतून निवृत्त झालेत, पण अजून काउंटरच्या आत बसल्यासारखे बोलतात. समोर सह्या केलेली सात घरं, मागे बघे.

"येसूबाई, आमचं तुमच्याशी वैयक्तिक काही नाही," साहेब म्हणाले.

"मंग झाडं उपटायला येनारी मानसं कोनाची?"

"सोसायटीत लहान मुलं आहेत. उद्या एखाद्यानं पान तोंडात घातलं तर?"

"तीस वर्सं झाली, कुनाच्या पोरानं घातलं नाय. गावात काय पोरं नाय?"

"पण सात घरांना त्रास झालाय. ओठ सुजले, घसे धरले. नंदिनी मॅडमना तर डॉक्टरकडे जावं लागलं. हे बघा, सह्या आहेत."

"कशानं झाला तरास?"

"तुमच्या झाडांनी."

"वारा लागला का झाडाचा?"

मागे कुणीतरी खुसकन हसलं.

येसूबाई उभी राहिली. पाटीवर बसून गिऱ्हाईक हाताळायची सवय तिला, आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. "माजं झाड खाली, तुमी वर माल्यावर. झाड काय जिना चढून आलं? लिफ्टनं आलं? मी रोज त्यात असते, माजा घसा बघा, वाजतोय का नाय खनखनीत? घशाला खाजवायचं तं गिलावं लागतं. गिलायचं तं शिजवावं लागतं. शिजवायचं तं कापावं लागतं. मना फकस्त येवढं सांगा, ह्या कागदावर सह्या कुनाच्या? ज्यांना खाजलं त्यांच्याच ना?"

"अर्थात," साहेब म्हणाले. म्हणाले आणि मग त्यांना कळलं आपण काय म्हणालो ते. शिकलेल्या माणसानं चोरांची यादी केली, खाली चोरांच्या सह्या घेतल्या आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्या दाराला चिकटवली. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला लाज वाटली.

येसूबाईनं कमरेचा कागद काढून माझ्या हातात दिला. "आक्का, वाच गो नावं. मना येत नाय."

मी चष्मा लावला. एकेक नाव वाचलं, मजल्यासकट. सहा वाचली आणि थांबले. येसूबाईला खरंच माहीत नव्हतं, दिशानं नुसता मजकूर वाचला होता. ती माझ्याकडे बघत होती, वाच की, अशी.

"सातवं," मी म्हणाले, "अस्मिता सुयश. माझी सून. आणि वड्या मीपण खाल्ल्यात, दोन."

तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मी इथं लिहीत नाही.

तेवढ्यात नंदिनीबाई म्हणाल्या, "हे बघा, मी कापली नाहीत. मी फक्त तळली."

"आनि चव कोनी बघितली, तव्यानं?" येसूबाई म्हणाली. आता हॉल सगळाच हसला.

अस्मिता उठली. कान लाल झाले होते पोरीचे. "मी कापली. मला वडीचंच अळू वाटलं. देठ काळा होता."

"देठ बघितलास. मान नाय बघितलीस? खायचं अळू मान खाली घालतं. ह्ये बघ वर तोंड करून हुबं ऱ्हातं. नसंल ठावं, नसू दे. पर दार तं बघायचंस! दार उघडंच व्हतं माजं. हाक मारली असतीस तं परसातलं वडीचं अळू दिलं असतं पाटीभर."

अस्मिता खाली बसली.

साहेबांनी घसा साफ केला. "ठीक आहे, गैरसमज झाला. हा विषय आपण इथेच संपवू. झाडं राहू द्या."

गैरसमज! कुणाच्या बाल्कनीतून अकरा शर्ट नेले असते तर ह्यांनी पोलीस बोलावले असते. पानं होती, म्हणून गैरसमज.

सगळे उठायला लागले. येसूबाई बसली. "कागुद?"

"कसला कागद? तोंडी झालं ना आता."

"झाडं काढा म्हनायला कागुद, आनि ऱ्हाऊ द्या म्हनायला तोंडी? शेतं गेली तवा तोंडी बोलनं लय आयकलंय आमी. मी हितं बसलेय. माजी मासली आज खपलीय, मना घाई नाय."

साहेबांनी लिहिलं. मी वाचलं. त्यांनी लिहिलं होतं, "सदर विषारी वनस्पतींबाबत सोसायटीची हरकत नाही." मी कागद परत ठेवला आणि म्हणाले, "विषारी खोडा." त्यांनी खोडलं. येसूबाई म्हणाली, "न इचारता कापली, ह्ये घाला." त्याला ते तयार नव्हते. म्हणे, भाषा बरी दिसत नाही. कापताना हात बरा दिसत होता वाटतं! दहा मिनिटं त्या एका ओळीवर भांडण झालं. शेवटी लिहिलं, "परवानगी न घेता पाने तोडली गेली." "गेली" म्हणजे आपली आपण गेली. पण येसूबाई म्हणाली, चालंल, झाडं वाचली. पहिली सही अस्मितानं केली. मग उरलेल्यांना पळता येईना. नंदिनीबाईंनी सहीपुढे कंसात "तळणे" लिहिलं असतं तर मला नवल वाटलं नसतं.

माफी मात्र कुणी मागितली नाही. सात घरं, चौदा शिकलेली माणसं. एकाच्याही तोंडातून चुकलं हा शब्द निघाला नाही. घसे धरले होते ना.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी खाली जायला निघाले. माझंच तोंड घेऊन जायचं होतं मला तिच्यापुढे, इतके दिवस गप्प बसल्याबद्दल. लिफ्टशी अस्मिता उभी. सुट्टी घेतली होती.

"मी येऊ, आई?"

"ये की. पाय तुझेच आहेत."

येसूबाई त्या दोन बोडक्या झाडांपाशी बसली होती. मला म्हणाली, "बस." मी माझं बोलले. तिनं ऐकलं. म्हणाली, "तू बोलायला पायजे व्हतं." मी म्हणाले, "हो." ते तेवढंच. त्याच्यावर पांघरूण तिनं घातलं नाही आणि मीही मागितलं नाही.

अस्मिता म्हणाली, "मावशी, चुकलं माझं. नवीन झाड आणून देऊ का?"

"नवीन कशाला? ह्ये मेलेलं नाय अजून." तिनं एक कापलेला देठ वाकवून दाखवला. वरून पोकळ, आत पावसाचं पाणी साचलेलं, कडेनं पिवळं पडत चाललेलं. "अर्ध्यात कापलंस. ह्याच्यान पानी शिरतं, सड खाली गड्ड्यात उतरते. मंग गेलं झाड. बुडाशी कापायला पायजे, तिरपं, म्हंजे पानी निथलतं. वर चुलीची राख." आणि सुरी तिच्यापुढे धरली. "धर. तूच कापलंस, तूच नीट काप."

अस्मितानं ओढणी कमरेला खोचली आणि चिखलात बसली. पहिला देठ वेडावाकडा कापला. येसूबाईनं तिचं मनगट धरून सुरी तिरपी केली. दुसरा बरा झाला. देठातून पांढरट चीक यायला लागला, बोटांवर, मनगटावर. तिसऱ्यापाशी ती हात ओढणीला घासायला लागली.

येसूबाईनं स्वतःच्या हाताला आधीच खोबरेल चोपडलं होतं. तेलाची वाटी तिच्या मांडीमागे होती. मला दिसत होती. मी बोलले नाही.

चौथा देठ पडला.

"खाजतंय?" येसूबाईनं विचारलं.

"हो, मावशी. खूप."

"अजून सात हायत," येसूबाई म्हणाली आणि राखेचं टोपलं पुढे सरकवलं.